एकाच्या मोबाईलची कीड, साऱ्या शिवाराला

दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरची यायला लागली की गावोगावच्या लोकांच्या हातात चार पैसे खेळू लागतात. दुकानदाराची उधारी फिटते, पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, कोणी बैलजोडी बघायला निघतो. पूर्वी या दिवसांत आपली माणसे खिसेकापूला जपायची. एसटीत चढताना कनवटीला हात लावून बघायची. आता पैसा कनवटीला नसतो, खात्यात असतो. आणि खात्याची किल्ली असते मोबाईलमध्ये. त्यामुळे खिसेकापूही बदलला. तो दोंडाईच्याच्या स्टँडवर येत नाही. कुठे बसून हात मारतो ते कोणाला दिसत नाही.

आज फवारणी आणि खताचा विषय बाजूला ठेवून याविषयी लिहितो आहे. शेतकी खात्याच्या माणसाने मोबाईलवर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. बोलावे लागते आहे, कारण चूक माझ्याच हातून झाली होती.

माझ्या हातून झालेली चूक

मी शिंदखेडा तालुक्यातल्या काही गावांचे काम पाहतो. आमच्या पदाला आधी कृषी सहाय्यक म्हणत, २०२५ पासून सहायक कृषी अधिकारी म्हणतात. गावात मात्र अजून 'शेतकीवाला साहेब' हेच नाव चालते. प्रत्येक गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. हवामानाचा अंदाज, बियाण्याचे अनुदान, अर्जाची शेवटची तारीख, सगळे त्यावर टाकायचे. सोय मोठी झाली. दवंडी द्यायला नको की पारावर जमवायला नको.

एका गावात पीएम-किसानची ई-केवायसी बाकी असलेल्या त्रेचाळीस शेतकऱ्यांची यादी माझ्याकडे आली. नाव, वडिलांचे नाव, मोबाईल नंबर, बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक, सगळे एका कागदावर. वरून रोज विचारणा होत होती. मी रात्री नऊ वाजता त्या कागदाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिले, 'ज्यांची नावे आहेत त्यांनी उद्या सेवा केंद्रावर यावे.' आठ दिवसांत बहुतेकांची केवायसी झाली. बैठकीत माझे कौतुकही झाले.

त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसे होती. त्यातली निम्मी मी ओळखत नव्हतो. खताच्या दुकानातला पोरगा, विम्याचा एजंट, सुरतेला कामाला गेलेली मंडळी, आणि नाव नसलेले कितीतरी नंबर. कोणी कोणाला कधी जोडले याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

तीन आठवड्यांनी फोन सुरू झाले. साठी ओलांडलेले एक आप्पा आहेत. त्यांना दुपारी फोन आला. समोरच्याने त्यांचे नाव सांगितले, वडिलांचे नाव, गाव, बँक, आधारचे शेवटचे चार आकडेसुद्धा सांगितले. म्हणाला, 'तुमचा हप्ता अडकला आहे, व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो, ती उघडून माहिती भरा.' आप्पा मला नंतर म्हणाले, 'सगळं बराबर सांगं त्यानी, मंग मना इस्वास बसना.' त्यांनी फाईल उघडली. रात्रीतून तीन वेळा मिळून एक्केचाळीस हजार रुपये गेले. मिरचीचे पैसे होते.

एवढ्यावर थांबले असते तरी एका घराचेच नुकसान होते. पण सकाळी तीच फाईल आप्पांच्या नंबरवरून त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना गेली. आमच्या ग्रुपवरही आली. आप्पा म्हणजे गावातला शब्दाचा माणूस. त्यांनी पाठवली म्हणजे खरीच असणार, म्हणून सात जणांनी ती उघडली. त्यातल्या दोघांचे पैसे गेले. बाकीच्यांच्या खात्यात फार काही नव्हते, म्हणून ते वाचले.

आप्पा दोन दिवसांनी माझ्याकडे आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, 'साहेब, मनी चूक झायी का?' मला उत्तर देता आले नाही. त्या महिन्यात गावात ज्या अकरा जणांना असे फोन आले, त्यांची नावे मी माझ्या यादीशी ताडून पाहिली. नऊ जण यादीतले निघाले. यादी चोरांच्या हाती आमच्याच ग्रुपवरून गेली असा कागदोपत्री पुरावा माझ्याजवळ नाही. पण मनाला जे समजायचे ते समजले.

बोंडअळीला बांध कळत नाही

तुम्ही म्हणाल, ज्याने फाईल उघडली त्याची चूक, ज्याने यादी टाकली त्याची चूक. माझा काय संबंध? इथेच आपले गणित चुकते.

२०१७ साल आठवा. गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीची वाट लावली. तेव्हा आणि त्यानंतर आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका. एखादा शेतकरी म्हणायचा, 'माझं शेत आहे, मी फरदड घेईन नाहीतर काही करीन.' पण त्याच्या वावरात जगलेली अळी पुढच्या हंगामात पतंग होऊन शेजारच्या वावरात जाते. तिला गट नंबर कळत नाही. म्हणून कामगंध सापळेही एकट्याने लावून भागत नाही, सगळ्या शिवाराने लावले तरच फायदा दिसतो.

मोबाईलचे अगदी तसेच आहे. तुमच्या मोबाईलमध्ये फक्त तुमची माहिती नसते. भावाचा नंबर, जावयाचा नंबर, गावातल्या पन्नास जणांचे नंबर, कोणाच्या सातबाऱ्याचा फोटो, कोणाच्या पासबुकाचे पहिले पान, सुनेचे आधारकार्ड. हे सगळे त्यात असते. ते त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले असते. तुमचा मोबाईल चोराच्या ताब्यात गेला की ते सगळे त्याच्या ताब्यात गेले. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' असे म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे की त्याच्याकडे दुसऱ्याचे जपण्यासारखे बरेच आहे.

ती फाईल करते काय?

बऱ्याच जणांना वाटते की फाईल उघडली की लगेच पैसे जातात. तसे नाही. या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती यादी नसते की फोटो नसतो, ते एक ॲप असते. नाव मात्र ओळखीचे देतात. कधी पीएम-किसानचे, कधी बँकेच्या केवायसीचे, कधी वाहनाच्या दंडाच्या चलनाचे, कधी चक्क लग्नपत्रिकेचे. उघडली की मोबाईल विचारतो, 'अनोळखी ठिकाणचे ॲप घालू का?' आपण घाईत होकार देतो. मग ते ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. आपण तीही देतो.

तिथून पुढे तुमच्या मोबाईलवर येणारा बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. काही ॲप तुमचे फोन दुसऱ्या नंबरकडे वळवतात. व्हॉट्सॲपही चोराच्या हाती जाते आणि तुमच्याच नावाने फाईल पुढे पसरते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली एवढ्यावर कोणतीही फाईल खरी मानू नका. रोपवाटिका ओळखीची असली तरी रोप आपण उलटेपालटे करून बघतोच ना?

मोठ्या घरचे वासे

हे सगळे अडाणी माणसांच्या बाबतीतच होते, असा एक समज शिकलेल्या लोकांत आहे. तो खोटा आहे. पुण्याची कॉसमॉस बँक ही राज्यातल्या मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे शनिवारी, चोरांनी बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून तिचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले. भारतातूनही अडीच कोटी काढले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. एटीएमने विचारायचे आणि बँकेच्या यंत्रणेने 'दे' किंवा 'देऊ नको' म्हणायचे, अशी ही पद्धत असते. चोरांनी मधल्या मध्ये आपलीच यंत्रणा घुसवली आणि ती प्रत्येक वेळी 'दे' म्हणत राहिली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. ज्यांनी इथल्या एटीएमवर जाऊन कार्डे घातली ती माणसे त्यात सापडली.

दुसरी गोष्ट ३१ जुलै २०२४ ची. आपल्या लहान लहान सहकारी आणि ग्रामीण बँका स्वतःची संगणक यंत्रणा उभारत नाहीत, ते त्यांना परवडत नाही. पुष्कळ बँका मिळून एकाच कंपनीकडून ती सेवा घेतात. सी-एज टेक्नॉलॉजीज ही अशीच एक कंपनी. तिच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. आधी संगणकातली माहिती कुलूपबंद करायची आणि मग किल्लीसाठी पैसे मागायचे, असा हा प्रकार असतो. रोग पुढे पसरू नये म्हणून देशाच्या पेमेंट महामंडळाने त्या कंपनीला आपल्या जाळ्यातून तोडले. त्याबरोबर देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे मोबाईलवरचे आणि एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण विचार करा. त्या तीनशे बँकांच्या खातेदारांनी कोणतीही फाईल उघडली नव्हती, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. बिघाड झाला तिसरीकडे आणि ज्याला त्या दिवशी दवाखान्याचे बिल भरायचे होते तो खोळंबला. एका पाटावर सगळे अवलंबून असले आणि पाट वरच फुटला, तर खालच्याने कितीही चांगली वाफे बांधणी केली तरी पाणी येत नाही.

सरकारी संकेतस्थळांचेही तसेच. २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसू शकतात. नंतर ती त्रुटी दुरुस्त झाली. २०२३ च्या जूनमध्ये कोविडच्या लसीकरणाची माहिती टेलिग्रामवर कोणालाही मिळत असल्याचे उघड झाले. मोबाईल नंबर टाकला की ओळखपत्राचा क्रमांक समोर येत असे. लसीकरणाच्या मूळ यंत्रणेतून चोरी झाल्याचे सरकारने नाकारले, तरी माहिती फिरत होती हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

म्हणून फोनवरच्या माणसाने तुमचे नाव-गाव बरोबर सांगितले, आधारचे आकडे बरोबर सांगितले, म्हणजे तो सरकारी माणूस आहे असे मुळीच समजू नका. आता ही माहिती कोणाकडेही असू शकते.

सातबारा, अंगठा आणि पीकविमा

आपला सातबारा आज कोणीही मोबाईलवर पाहू शकतो. तो पूर्वीपासून खुलाच दप्तर आहे आणि असायलाही पाहिजे. जमीन घेताना मालक कोण, बोजा किती, हे कळले नाही तर फसवणूक वाढेल. पण पूर्वी तो बघायला तलाठ्याच्या सज्जावर जावे लागायचे, चार माणसे बघायची. आता हजार मैलांवर बसलेला माणूस एका दिवसात शेकडो उतारे पाहू शकतो. दप्तर तेच, पण धोका बदलला.

याचा फटका पीकविम्यात बसला. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. या योजनेत मोठ्या प्रमाणात बोगस अर्ज सापडले. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमा उतरवलेला निघाला. अर्ज रद्द झाले, काही केंद्रचालकांवर कारवाई झाली. आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद होऊन शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. बोगस अर्ज हे त्याचे एक कारण सांगितले गेले. म्हणजे पाहा, कागदपत्रांचा गैरवापर केला काही लोकांनी आणि हप्ता भरायची वेळ आली तुमच्या-माझ्यावर. जोखीम सामायिक असते ती अशी.

अंगठ्याचेही सांगतो. गावात बँक मित्राकडे आधार क्रमांक आणि अंगठा दिला की पैसे मिळतात. म्हाताऱ्या माणसांना, निरक्षर बायाबापड्यांना ही फार चांगली सोय आहे. या व्यवहारात ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. पण त्याचाच चोर फायदा घेतात. २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकरण उघडकीला आले. जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे आणि आधार क्रमांक घेऊन एकाने रबराचे बनावट ठसे तयार केले होते आणि त्यावर सिमकार्डे चालू केली होती. नंतर निरनिराळ्या राज्यांत असे ठसे वापरून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले. आधार प्राधिकरणाने २०२३ पासून ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी नवी पद्धत आणली. तरीही सावध राहिलेले बरे. पासवर्ड गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

शेतकरी ओळख क्रमांक: नको की हवा?

राज्य सरकारने १४ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाने ॲग्रीस्टॅक योजना राबवायला घेतली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला. यात तुमचे आधार आणि तुमची जमीन एकमेकांना जोडली जाते, पिकांची नोंदही त्याला जोडायची आहे. मला गावोगाव विचारतात, 'साहेब, हे काढावं की नाही?' मी सांगतो, जरूर काढा. दर वेळी तेच कागद जोडण्याचा त्रास कमी होतो आणि दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ज टाकणाऱ्याला आळा बसतो.

पण एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. दहा कणग्यांत धान्य ठेवले तर एखाद्या कणगीला उंदीर लागतो. सगळे धान्य एकाच कणगीत ठेवले तर कणगी सिमेंटची पाहिजे. जमीन, पीक आणि आधार एकत्र येत असेल तर ते सांभाळण्याची जबाबदारीही तेवढीच मोठी. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले; तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. माझी माहिती कशासाठी घेता, हे विचारणे म्हणजे साहेबाशी हुज्जत घालणे नव्हे. तो तुमचा हक्क आहे. आम्हालाही विचारा. मला तर आवर्जून विचारा.

घरातल्या बाईचे खाते

एक गोष्ट चावडीवर फारशी बोलली जात नाही. गावात पुष्कळ बायांच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. काहींना तर केंद्रचालकाने वेळ वाचावा म्हणून स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. मग त्या माउलीच्या खात्यात किती आले, किती गेले, हे सगळ्यांना कळते, तिलाच कळत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी हे विचारले तेव्हा एक ताई म्हणाली, 'भाऊ, पासबुक मनं, नंबर भलत्याना.' सगळ्या हसल्या. पण बैठक संपल्यावर चौघी जणी थांबल्या आणि नंबर बदलायला काय कागद लागतात ते लिहून घेतले.

नंबरचे आणखी एक. बंद पडलेला मोबाईल नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तुम्ही नवे सिम घेतले आणि बँकेत जुनाच नंबर राहिला, तर तुमचा ओटीपी परक्याच्या हातात जातो. सिम बदलायच्या आधी बँकेत, आधारला आणि योजनांच्या अर्जात नंबर बदला.

आता करायचे काय?

हे कात्रण कापून मोबाईलच्या पाकिटात ठेवा. पोराबाळांकडून करून घेतले तरी चालेल.

१) व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल उघडू नका, मग ती सख्ख्या भावाने पाठवलेली असो. आधी त्याला फोन करून विचारा. ॲप घ्यायचे तर प्ले स्टोअरवरूनच घ्या.

२) ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठीच लागतो. 'पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका' असे कोणी म्हणाला की तो चोर समजा.

३) आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर अंगठ्याला कुलूप लावता येते. रेशन घेताना किंवा बँक मित्राकडून पैसे काढताना ते थोडा वेळ उघडावे लागते, हे मात्र ध्यानात ठेवा. नाहीतर दुकानात अंगठा लागणार नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

४) आधारची झेरॉक्स द्यायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार निघते, जिथे चालते तिथे ते द्या. झेरॉक्सवर कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख लिहा. दुकानात खराब निघालेली झेरॉक्स तिथेच टाकून येऊ नका.

५) तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत ते 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर कळते. ओळखीचे नसलेले सिम तिथूनच बंद करायला सांगता येते.

६) पैसे गेल्याचे कळताच १९३० या नंबरवर फोन करा. रात्र असली तरी करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो, ते पुढे जायच्या आत अडवले तरच हाती लागतात. आप्पांनी लाजेपोटी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. शेवटी त्यांचे नऊ हजार तेवढे अडकवता आले.

७) बँकेतही लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमची चूक नसेल आणि मुदतीत कळवले असेल, तर तोटा तुमच्यावर पडत नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. म्हणून उशीर नको.

८) मोबाईलमध्ये अशी फाईल गेली असे वाटले तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि ग्रुपवर दुसऱ्याच्या फोनवरून निरोप टाका की माझ्या नंबरवरून आलेले काही उघडू नका. हा आठवा मुद्दा शेजाऱ्यांसाठी आहे. तुमचे गेले ते गेले, दुसऱ्याचे तरी वाचेल.

फडाचा जागल्या

आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड बागायतीची जुनी पद्धत आहे. एका बंधाऱ्यावर सगळ्यांचे पाणी, एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, सगळ्यांवर देखरेख करायला हवालदार. प्रत्येकाने आपापल्या वावरात रात्रभर जागत बसायचे नाही. गावाने मिळून माणूस नेमायचा आणि त्याची मजुरी सगळ्यांनी द्यायची. आपल्या पूर्वजांना हे कळले होते की जिथे पाणी सामायिक आहे तिथे राखणही सामायिकच असावी लागते.

आज मोबाईलचे जाळे हा आपला सगळ्यांचा एक फड झाला आहे. त्याला जागल्या नाही. मी माझ्या गावांपुरते एक केले आहे. प्रत्येक ग्रुपवर बसून अनोळखी नंबर काढले. ज्यांनी नाव सांगितले त्यांनाच परत घेतले. यादी आता टाकत नाही. ज्याचे काम असेल त्याला फोन करतो, नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर फक्त नावे लावतो, नंबर नाही. वेळ जास्त लागतो, पाय जास्त झिजतात. पण वेळ वाचवण्याची किंमत कोणी भरली ते मी पाहिले आहे. प्रत्येक गावात दोन शिकलेली पोरे आणि बचत गटाची एक ताई, अशी तीन माणसे ठरवली आहेत. संशयाचा फोन आला की आधी त्यांना विचारायचे. तुमच्या गावानेही अशी तीन माणसे नेमावीत. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघू नका.

आप्पांच्या घरी मी गेलो होतो. ओट्यावर बसून सांगितले की यादी मी टाकली होती, चूक माझीही आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग घरात आवाज देऊन चहा मांडायला सांगितला. पुढच्या महिन्यात गावात सभा घेतली तेव्हा सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनीच काय घडले ते सांगितले. माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यांच्या पाच मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम जास्त झाला. त्या सभेनंतर तीन घरांतली माणसे येऊन हळूच सांगून गेली की आमचेही पैसे गेले होते, लाजेने बोललो नाही.

बंधू-भगिनींनो, फसलेल्या माणसाला हसू नका. तो बोलला तर दहा जण वाचतात. तो गप्प बसला तर कीड त्याच्या वावरात वाढते आणि हंगाम आला की तुमच्या वावरात उतरते.